काच की कळ? फोनवर मराठी लिहिणाऱ्यांनी कीबोर्ड कसा निवडावा

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुकानात मी घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला. दुकानदाराने माझ्याच फोनला जोडून इंग्रजीत 'हॅलो' टाइप करून दाखवलं, मी मान डोलावली, पैसे दिले. घरी कोथरूडला येऊन मराठी लिहायला बसलो आणि 'चटणी' या शब्दापाशी अडलो. च सापडेना. तो ज्या बटणावर असतो ते बटण कीबोर्ड आखूड करताना कंपनीने काढून टाकलं होतं आणि त्याचं काम फंक्शन दाबून करायच्या जोडबटणाकडे दिलं होतं. ट ची तीच गत, ड ची तीच गत. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही बटणं दिवसातून दोनदा लागत असतील. मला ती प्रत्येक ओळीत लागतात.

फोनला बटणांचा कीबोर्ड बरा की काचेवरचा, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण जवळपास सगळं इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी. सोसायटीचं इतिवृत्त, शाळेच्या सूचना, बातमी, कथा, मुद्रितशोधनाच्या टिपा, असलं मराठी लेखन जे फोनवर करतात त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं स्वतःचं काम मुद्रितशोधनाचं. दिवाळी अंकांच्या हंगामात फोन हातातून सुटत नाही.

पायरी १: चार दिवसांची नोंद ठेवा

खरेदीला निघण्याआधी चार दिवस एका कागदावर तीन गोष्टी टिपा: किती ओळी लिहिल्या, बसून की उभ्याने, आणि एक हात मोकळा होता की दोन्ही. अंदाजाने सांगू नका, लिहा. मला वाटायचं की मी सगळं टेबलाशी बसून लिहितो. नोंद काढली तर निम्मं लेखन वनाजहून सिव्हिल कोर्टाला जाणाऱ्या मेट्रोत, एका हाताने दांडी धरून झालेलं निघालं. उभ्याने, एका अंगठ्याने लिहायचं तर बाहेरून जोडायचा कीबोर्ड काय कामाचा?

माझा ठोकताळा असा. बहुतेक मजकूर पाच ओळींच्या आतला असेल तर काहीही विकत घेऊ नका, फक्त काचेवरचा कीबोर्ड नीट लावून घ्या (तिसरी पायरी). आठवड्यातून तीनदा तरी अर्धं पान किंवा जास्त, तेही बसून लिहीत असाल तर बटणांच्या कीबोर्डाचा विचार करा. अधलंमधलं असेल तर आधी घरातल्या संगणकाचा तारेचा कीबोर्ड ओटीजी जोडणीने (यूएसबीची वस्तू फोनला लावायच्या छोट्या पिनने) फोनला लावून आठवडाभर लिहून पाहा. ती पिन स्वस्त असते, आणि हौस आहे की गरज आहे ते तेवढ्यात समजतं.

पायरी २: बोटांना कोणती मांडणी येते ते ठरवा

हा प्रश्न काच की बटण याच्याही आधीचा आहे आणि बहुतेक जण तो स्वतःला विचारतच नाहीत. मराठी टाइप करणारे ढोबळमानाने तीन घराण्यांतले.

पहिलं रोमनवाल्यांचं. इंग्रजी अक्षरांत 'मी उद्या येतो' लिहायचं आणि फोनने त्याचं देवनागरी करून द्यायचं. शिकायला शून्य कष्ट. पण न की ण, ल की ळ, श की ष, वेलांटी पहिली की दुसरी, हे ठरवायचं काम यंत्राकडे जातं. गप्पांना चालतं. नावं, आडनावं आणि गावं आली की दर दुसऱ्या शब्दाला कीबोर्डावरच्या सूचनांच्या पट्टीतून योग्य पर्याय निवडत बसावं लागतं.

दुसरं टायपिंग क्लासवाल्यांचं. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर मिनिटाला तीस-चाळीस शब्दांच्या परीक्षा दिलेली मंडळी. माझे वडील यातले. त्यांची बोटं अजून टाइपरायटरच्या क्रमाने चालतात: आधी वेलांटी, मग अक्षर. 'कि' लिहायचं तर ते पहिली वेलांटी आधी दाबतात, कारण कागदावर ती आधी उमटायची. युनिकोडमध्ये (फोन आणि संगणक अक्षरं साठवतात त्या पद्धतीत) साठवणुकीचा क्रम उलटा आहे, आधी क आणि मग वेलांटी. त्यामुळे फोनवर त्यांची चिडचिड होते आणि चूक त्यांची नसते. अशांनी रेमिंग्टन मांडणी देणारं ॲप शोधावं, किंवा सरळ बोलून लिहावं. वडील आता बोलूनच लिहितात. गूगलने मराठी श्रुतलेखन २०१७ साली आणलं, आमच्या घरी ते कोविडच्या काळात पोहोचलं.

तिसरं घराणं इन्स्क्रिप्टचं. ही सरकारने १९८६ च्या सुमारास ठरवलेली आणि १९९१ च्या भारतीय मानकात घेतलेली मांडणी. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच नियम: मराठीत क जिथे, तिथेच बंगालीत आणि तेलुगूतही क. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं मोठं काम सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट गटाने केलं आणि सी-डॅक १९८८ पासून आपल्या पुण्यातच आहे. तरी पुण्यात इन्स्क्रिप्ट येणारा माणूस विरळाच.

बटणांचा कीबोर्ड मराठीसाठी घ्यायचा असेल तर इन्स्क्रिप्ट शिकायची तयारी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. रोमनवाल्यांचे डोळे पर्यायांच्या पट्टीवर खिळलेले असतात आणि पर्याय निवडायला हात पुन्हा काचेकडे जातो. मग बटणं घेऊन मिळवलं काय?

पायरी ३: काचेवरचा कीबोर्ड आधी नीट लावा

दहातले नऊ जण फोन घेतल्या दिवशी जसा कीबोर्ड होता तसाच वापरतात. पुढची कामं करायला अर्धा तास पुरतो. मी गूगलचं कीबोर्ड ॲप, म्हणजे जीबोर्ड, धरून सांगतोय. मायक्रोसॉफ्टच्या स्विफ्टकीमध्येही यातलं बरंचसं सापडतं.

भाषांच्या यादीत मराठी जोडताना कोणती मांडणी निवडतोय ते पाहा. रोमनमधून मराठी, थेट देवनागरी आणि बोटाने काचेवर अक्षर गिरवायची, अशा वेगवेगळ्या असतात. घाईत हिंदी निवडली गेली तर ॲच्या जागी ऍ उमटू शकतो आणि 'दुसऱ्या'चा ऱ्य जमता जमत नाही. म्हणून कोणत्याही नव्या कीबोर्डावर मी पहिलं वाक्य हे लिहून पाहतो:

दुसऱ्या डब्यातली चटणी, ऑफिसची यादी आणि ॲपमधलं दुःख कृष्णाला कळलं.

अर्थाकडे पाहू नका. ऱ्य, ऑ, ॲ, विसर्ग, ऋकार, ष्ण, ळ सगळे यात आहेत. जिथे तीन सेकंदांहून जास्त अडाल तिथे त्या कीबोर्डाची मराठीशी ओळख कच्ची आहे असं समजा.

मग उंची. प्राधान्यांमध्ये कीबोर्डाची उंची वाढवता येते. देवनागरीत इंग्रजीपेक्षा बटणं जास्त, म्हणून प्रत्येक बटण बारीक होतं. उंची एक पायरी वाढवली की चुका लगेच कमी होतात. पडद्यावर मजकुराच्या दोन ओळी कमी दिसतील, तेवढं सोसा. एका हाताने लिहिणाऱ्यांसाठी कीबोर्ड डाव्या-उजव्या कडेला सरकवायची सोय आहे, मेट्रोत तीच उपयोगी.

स्पेसच्या पट्टीवरून बोट आडवं सरकवलं की कर्सर अक्षराअक्षराने हलतो. काचेवर नेमक्या जोडाक्षराच्या मध्ये बोट ठेवायची धडपड करणाऱ्यांना हे एक सांगितलं तरी दुवा मिळतो. खोडायच्या बटणावरून डावीकडे बोट ओढलं तर अख्खे शब्द निवडून एकदम जातात.

वैयक्तिक शब्दकोशात स्वतःचे आखूड शब्द भरा. मी 'सगृ' लिहिलं की पट्टीत 'सहकारी गृहरचना संस्था मर्यादित' येतं. पुण्यात राहायचं तर याची गरज पडतेच. घरचा पत्ता, कायम लागणारी आडनावं, सभेच्या सूचनेचं पहिलं वाक्य, सगळं तिथे टाका.

शब्द सुचवणाऱ्या यंत्रणेकडून मराठीत इंग्रजीइतकी अपेक्षा ठेवू नका, त्याला कारण आहे. काचेवर बोट नेमकं कुठे पडलं हे यंत्राला कधीच पक्कं कळत नसतं. बोटाची जागा आणि पुढे येऊ शकणारे शब्द यांचा मेळ घालून ते अंदाज बांधतं. आपल्याकडे एका 'घर'ची घरात, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांनीसुद्धा अशी माळ लागते. इतकी रूपं शब्दकोशात बसवायची म्हणजे कठीणच. म्हणून आपोआप दुरुस्ती मराठी लिहिताना बंद ठेवावी आणि सूचना मात्र चालू ठेवाव्यात, असं मी सगळ्यांना सांगतो. नाहीतर 'सभासदांपैकी'चं काहीतरी भलतंच होऊन ते इतिवृत्तात छापलं जातं.

नवं कीबोर्ड ॲप सुरू करताना अँड्रॉइड इशारा देतं: हे ॲप तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्डसुद्धा, गोळा करू शकतं. तो न वाचता पुढे जाऊ नका. चमकत्या रंगांची आणि जाहिरातींची कीबोर्ड ॲप वडीलधाऱ्यांच्या फोनवर हमखास सापडतात. बँकेचं ॲप ज्या फोनवर आहे त्यातून ती काढून टाका.

एक वेगळी वाट पाहायची असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेला स्वरचक्र कीबोर्ड आहे. व्यंजनावर बोट टेकवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं आणि हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवायचं. बाराखडी पाठ असलेल्या पण इंग्रजी कीबोर्ड कधी न पाहिलेल्या माणसाला तो पटकन समजतो, असा माझा अनुभव.

एवढं करून पंधरा दिवस लिहा. बहुतेकांचा शोध इथेच संपतो आणि खिशातला रुपयाही जात नाही.

पायरी ४: बटणं हवीतच, तर कोणती

फोनमध्येच बसवलेली बटणं ही जुनी हौस. नोकियाचे ई७१ आणि ई७२ ज्यांनी वापरले ते अजून त्यांच्या आठवणी काढतात, मीही काढतो. खिशात हात घालून न बघता संदेश लिहिता यायचा. पण जुना फोन शोधून घ्यायच्या फंदात पडू नका. ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या प्रणालीवरच्या फोनांची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला थांबवली. २०१८ चा ब्लॅकबेरी कीटू अँड्रॉइडवरचा होता, पण तोही अँड्रॉइड ८.१ घेऊन आला होता. आजच्या बँकेच्या ॲपने त्यावर काम करावं अशी अपेक्षा नको. नोकियाच्या त्या फोनांतल्या सिम्बियन प्रणालीवरचं व्हॉट्सॲप तर २०१७ मध्येच बंद झालं. आजही युनिहर्ट्झसारखी एखादी कंपनी बटणांचे नवे अँड्रॉइड फोन काढते, आणि २०२४ पासून आयफोनच्या खाली बटणं जोडणारं क्लिक्स नावाचं कव्हर आलंय.

पण मराठीवाल्यांची खरी अडचण बटणांच्या संख्येची आहे. या छोट्या कीबोर्डांत अक्षरांच्या तीनच रांगा आणि इंग्रजीची सव्वीस बटणं असतात. इन्स्क्रिप्टला ती पुरत नाहीत. च बसतो अर्धविरामाच्या बटणावर, ट अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या आणि य तिरक्या रेघेच्या. म्हणजे पी, एल आणि एमच्या उजवीकडे जी बटणं असतात, नेमकी तीच छोट्या कीबोर्डात नसतात. 'यादी'चा य लिहायला दोन बोटं एकत्र दाबावी लागली तर त्याला वेग म्हणायचं का? इंग्रजी लिहिणाऱ्याने हे फोन खुशाल घ्यावेत, मराठीसाठी मी घेणार नाही.

घडीच्या कीबोर्डाचं रडगाणं वर झालंच. घडीचे सगळेच वाईट असतात असं नाही, पण उजवीकडची बटणं अर्ध्या रुंदीची असतील तर नको.

उरतो साधा, पूर्ण चार रांगांचा ब्लूटूथ कीबोर्ड. लॉजिटेकचा के३८० हा त्यातला चांगला नमुना: दोन ट्रिपल-ए सेलवर खूप महिने चालतो आणि तीन उपकरणांशी जोडून एका बटणाने अदलाबदल करता येते. के४८० मध्ये फोन उभा ठेवायला खाच आहे, पण तो जड आहे, पिशवीतून रोज न्यायचा नाही. माझं सध्याचं उत्तर के३८० च्या मापाचा कीबोर्ड आणि फोनसाठी वेगळं घडीचं स्टँड. तारेच्या कीबोर्डाला सेल लागत नाहीत. तो वीज फोनमधून घेतो, पण तेवढ्याने बॅटरीला काही होत नाही.

पायरी ५: दुकानात काय पाहायचं

बुधवार पेठेत शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दुकानदाराकडे वेळ असतो. स्वतःचा फोन न्या आणि आधीच मराठी भाषा जोडून न्या.

खोक्यातून काढायला लावा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे. आधी डोळ्यांनी पाहा: एलच्या उजवीकडे दोन पूर्ण बटणं आहेत का, पीच्या उजवीकडे दोन आहेत का, एमच्या उजवीकडे तीन आहेत का. एफ आणि जेवर बोटाला लागणारा उंचवटा हवा.

मग जोडा, आणि इथे इंग्रजी 'हॅलो'वर समाधान मानू नका. फोनच्या सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्ड असा भाग असतो (आयफोनवर तो बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावरच दिसतो). त्यात मराठी मांडणीची यादी उघडते का ते पाहा. नसेल तर कीबोर्ड कितीही चांगला असला तरी तुमच्या या फोनसाठी तो निरुपयोगी. काचेवर रोमनचं मराठी होतं म्हणून बाहेरच्या बटणांवरही होईल असं धरून चालू नका, तेही तिथेच करून पाहा. शेवटी वरचं चटणीचं वाक्य पूर्ण लिहा. बिल घ्या, आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर ती नव्हती, म्हणून तो घडीचा कीबोर्ड आता भाचीच्या टॅबला आहे. ती इंग्रजीत लिहिते, खूश आहे.

बटणांवर मराठी अक्षरं छापलेली नसतील. इन्स्क्रिप्टचे स्टिकर मिळतात. सुरुवातीला लावायला हरकत नाही, पण दोन आठवड्यांनी काढा, नाहीतर नजर कायम खालीच राहते.

पायरी ६: इन्स्क्रिप्ट, पंधरा दिवसांत

ही मांडणी दिसते तेवढी अवघड नाही, कारण ती वर्णमालेच्या तर्काने बांधलेली आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. नुसतं बटण दाबलं की काना-मात्रा, शिफ्टसह दाबलं की तोच पूर्ण स्वर: एस म्हणजे मात्रा, शिफ्ट-एस म्हणजे ए. उजवीकडे साधं दाबलं की क, शिफ्टसह ख. ग-घ, त-थ, द-ध, प-फ, सगळ्या जोड्या तशाच. क इंग्रजी के वरच आहे, हा योगायोग सुरुवातीला हुरूप देतो.

पाय मोडायचा तो डी वर. जोडाक्षर म्हणजे पहिलं व्यंजन, डी, दुसरं व्यंजन. आपल्या खास अक्षरांपैकी ळ हा ल च्याच बटणावर शिफ्टसह, ऱ हा र च्या बटणावर शिफ्टसह, आणि ण मात्र म च्या बटणावर शिफ्टसह. हा एक ण तर्कात बसत नाही, तो घोकावाच लागतो. 'पुणे' लिहायचं तर एच, जी, शिफ्ट-सी, एस. 'दुसऱ्या' म्हणजे द, उकार, स, ऱ, पाय मोडा, य, काना.

पहिले चार दिवस फक्त मधली रांग: प, र, क, त, च, ट आणि डावीकडच्या मात्रा. 'कोरे', 'पुरते', 'चिकू', 'तुरे' असले शब्द. (चिकूचा दीर्घ उकार वरच्या रांगेत टी वर आहे, तेवढी सूट घ्या.) मग वरची रांग, मग खालची. रोज वीस मिनिटं, त्यातली दहा वर्तमानपत्रातली बातमी बघून उतरवण्यात घालवा. पाचव्या-सहाव्या दिवशी वेग इतका पडतो की काचेकडे परत जावंसं वाटतं. त्या दिवशी कामाचं काही लिहू नका, सरावच करा.

आणि काही बारीक गोष्टी

बाहेरचा कीबोर्ड जोडला की काचेवरचा गायब होतो. बोलून लिहायला किंवा इमोजीला तो लागतोच, म्हणून फिजिकल कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये काचेवरचा दिसत ठेवायची कळ चालू करून घ्या. यूपीआयचा पिन टाकायचा पडदा स्वतःचे आकडे घेऊन येतो, तिथे बोटच लावायचं. मराठी-इंग्रजी अदलाबदलीला बऱ्याच ठिकाणी कंट्रोल आणि स्पेस चालतं, पण फोनगणिक फरक असतो, तुमचं कोणतं ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. पहिल्यांदा ब्लूटूथ जोडताना पडद्यावर आकडे येतात ते कीबोर्डावर टाइप करून एंटर दाबायचं असतं. अनेक जण इथेच 'कीबोर्ड बिघडलाय' म्हणून परत करायला निघतात.

पावसाळ्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. काच बोट ओळखते ती विजेच्या सूक्ष्म भारातल्या बदलावरून, आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. म्हणून जुलैत बसथांब्यावर उभं राहून लिहायला गेलं की फोन स्वतःच अक्षरं दाबत सुटतो. तेव्हा खिशात एक सुती रुमाल ठेवा, फोन पुसा, आणि दोन ओळींहून मोठं असेल तर छपराखाली जाऊन बोलून लिहा. रिक्षा शेजारी उभी असेल तर बोलणंही चुकीचं उमटतं, ती जाईपर्यंत थांबा.

पंधराव्या दिवशी एकच उतारा घ्या, साधारण दहा ओळींचा. एकदा काचेवर आणि एकदा बटणांवर लिहून घड्याळ लावा. चुका सुधारायचा वेळही त्यात धरा. माझं बटणांवर निम्म्या वेळात झालं. बायकोचं काचेवरच आधी झालं, तिने दुसऱ्या दिवशी कीबोर्ड कपाटात ठेवून दिला आणि स्टँड तेवढं स्वयंपाकघरात पाककृती बघायला नेलं.